बंद खिडक्यांचा आठवडा

अमेरिकेत आमच्या बेलव्ह्यूला उन्हाळा संपता संपता धूर येतो, हे मी बाबांना फोनवर कधी सांगितलं नव्हतं. दरवर्षी येतोच असंही नाही. डोंगरापलीकडची जंगलं पेटली आणि वारा पूर्वेचा झाला, की चार-सहा दिवस सगळं शहर तांबूस होऊन जातं. एरवी उन्हाळा इतका स्वच्छ असतो की लांबची बर्फाची शिखरं खिडकीतून दिसतात. बाबा आले त्या वर्षी ऑगस्ट असाच गेला. आता त्यांच्या जाण्याला थोडेच दिवस उरलेत, यंदा सुटलो, असं मी मनात म्हटलं होतं.

बाबांची मला काळजी असायची ती त्यांच्या छातीची. अकोल्यात एका जिनिंगमध्ये ते आयुष्यभर सुपरवायझर होते. रुईचे बारीक तंतू इतकी वर्षं नाकातोंडात गेले, की निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले, तुमची फुप्फुसं आता हवा आत घेतात, पण पुरती बाहेर टाकत नाहीत. दोन इनहेलर आणि सावकाश चालणं, एवढ्यावर त्यांचं नीट चाललं होतं.

नवऱ्याची काळजी वेगळ्या जातीची होती. महामारीत त्याचे वडील पुण्यात ऑक्सिजनच्या बेडची वाट बघत गेले. विमानं बंद होती. तो इथे आमच्या बेडरूममध्ये बसून फोनवर फोन करत राहिला, आणि शेवटचा फोन आला तो त्याच्या चुलतभावाचा. त्यानंतर त्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. फक्त घरात यंत्रं यायला लागली. मोठा एअर प्युरिफायर आला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला, आणि हवा मोजणारी एक छोटी पांढरी डबी आली. तिच्यावर दोन आकडे दिसायचे. वरचा धुराचा आणि धुळीचा, खालचा कार्बन डायऑक्साइडचा. तो बघायचा तो वरचा.

धूर आला तो एका सकाळी एकदम. समोरची इमारत दिसेना. नवऱ्याने ऑफिसला कळवून टाकलं आणि निळी चिकटपट्टी घेऊन घरभर फिरला. आमच्या खिडक्यांच्या वरच्या कडेला हवा यायला बारीक फटी ठेवलेल्या आहेत, त्या त्याने बंद केल्या. बाथरूममधला पंखा दिवसभर आपोआप चालू असतो, तोही बंद केला.

"तो कशाला?" मी विचारलं.

"तो आतली हवा बाहेर फेकतो. मग तेवढी बाहेरची हवा कुठून तरी आत शिरणार. धूरच शिरणार ना?"

मला पटलं. फ्लॅटच्या मुख्य दाराखाली बोटभर फट होती, तिथे मीच ओला टॉवेल दाबून बसवला.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. तिचं घर जुनं, एसी नाही, खिडक्या उघडल्या तर धूर आणि बंद केल्या तर भट्टी. तिची लहान मुलगी सारखी खोकत होती. मी म्हटलं, उचल सगळ्यांना आणि ये. ती, तिचा नवरा आणि मुलगी संध्याकाळी आले. आम्ही दोघं, आमची मुलगी आणि बाबा धरून सात माणसं झालो. प्युरिफायर हॉलमध्ये, म्हणून सगळे हॉलमध्ये. झोपायलाही तिथेच गाद्या घातल्या.

पहिला दिवस सहलीसारखा गेला. दुसऱ्या दिवशी तिघांच्या मीटिंगा तीन कोपऱ्यांत चालल्या होत्या आणि ओट्यावर गॅसच्या दोन शेगड्या. सात जणांचा स्वयंपाक म्हणजे कुकर उतरला की तवा. वरची चिमणी नवरा लावू देत नव्हता, तीही हवा बाहेर ओढते म्हणून. मधूनमधून तो डबी सगळ्यांना दाखवायचा. "बाहेर तीनशेच्या वर आहे. आपल्याकडे आठ." त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं समाधान होतं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांची डोकी धरली. मैत्रीण आणि तिचा नवरा चहाच्या कपावरून भांडले. आमची मुलगी सोफ्यावर पालथी पडून म्हणाली, "इट्स सो स्टफी, आई. माय हेड हर्ट्स." मी तिला पाणी प्यायला सांगितलं. मला स्वतःला एक साधा ईमेल तीनदा वाचावा लागत होता. बाबा सकाळपासून आरामखुर्चीत डुलक्या घेत होते. रात्री नीट झोपले नसतील, असं आम्ही धरून चाललो.

जेवणानंतर मैत्रिणीने डबी हातात घेतली.

"हा खालचा आकडा काय आहे रे?" तिने माझ्या नवऱ्याला विचारलं. "अठ्ठावीसशे दाखवतोय."

"कार्बन डायऑक्साइड. त्याने काही होत नाही. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये पण वाढतो."

"तिथे किती असतो?"

"हजार. कधी बाराशे."

मग तिचा नवरा म्हणाला, "यार, म्हणजे आपण तीन दिवस एकमेकांनी सोडलेला श्वासच घेतोय. पाच मिनिटं खिडकी उघडू."

"नाही."

"पाच मिनिटं म्हणतोय."

"पाच मिनिटांत तीनशे आत येईल. बाबांची छाती माहितीये ना तुला? खिडकीला कोणी हात लावायचा नाही."

आवाज चढला होता. मैत्रिणीची मुलगी रडायला लागली. मी मध्ये पडण्याआधी बाबांकडे बघितलं, कारण अशा वेळी ते हमखास काहीतरी बोलून ताण सैल करतात. ते खुर्चीत एका बाजूला कलले होते. मी हाक मारली. खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी आली का?"

"कुठली गाडी, बाबा?"

त्यांचे डोळे पुन्हा मिटले.

नवऱ्याने ऑक्सिमीटर आणला. तो त्यांच्या बोटाला त्याला धड लावता येईना, तेव्हा मैत्रिणीने तो काढून घेऊन स्वतः लावला. एकोणनव्वद. पुन्हा बघितलं, नव्वद. बाबांचा नेहमीचा आकडा त्र्याण्णव-चौऱ्याण्णव असतो. मी नाइन वन वन लावला. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती. श्वास चालू आहे का, ओठ निळे आहेत का, हाक मारल्यावर जागे होतात का. आगीमुळे ॲम्ब्युलन्सना उशीर होतोय, गाडी पाठवते, असं तिने सांगितलं. हॉस्पिटल आमच्यापासून अगदी जवळ आहे, आम्हीच घेऊन निघतो, असं मी म्हटलं. त्यांना चालता येत असेल तर या, नाहीतर हलवू नका, ती म्हणाली.

दोन्हीकडून आधार दिल्यावर बाबा उभे राहिले. नवऱ्याने एका हाताने त्यांना धरलं होतं आणि दुसऱ्या हातात ती डबी होती. गाडीत किती धूर शिरतो ते त्याला बघायचं होतं. मी पायाने टॉवेल बाजूला सारला आणि दार उघडलं.

दार उघडताच कॉरिडॉरमधली हवा तोंडावर आली. गार, बिनवासाची. इतके दिवस आम्ही कशात बसलो होतो, ते मला त्या क्षणी कळलं. लिफ्ट येईना. भिंतीला एक छोटं बाक होतं, त्यावर बाबांना बसवलं. मी त्यांच्यापुढे उकिडवी बसून त्यांचे गाल चोळत होते, आणि माझ्या मनात फक्त एकच गोष्ट होती, की इथे वाटेतच यांचं काही झालं तर मी तिकडे माझ्या दादाला काय सांगू.

"धूर वाढत नाहीये," नवरा म्हणाला.

मला त्याचा राग आला. "ठेव ती डबी."

"अगं, बघ. इथे धूर अकराच आहे. आणि खालचा आकडा उतरतोय." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "भराभर उतरतोय."

लिफ्ट आली. बाबांनी माझा हात धरला. "थांब गं जरा. इथे बरं वाटतंय," ते म्हणाले. शब्द जड होते, पण अर्थ लागत होता. तरी आम्ही थांबलो नाही.

इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मनगटातून रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, औषधं विचारली. तेव्हा समजलं, की घसा खवखवतो म्हणून बाबा दोन दिवस आपल्या बॅगेतली सर्दीची गोळी घेत होते, झोप आणणारी. आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर नेऊन समजावलं. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय, कारण त्यांची फुप्फुसं तो आधीच पुरता बाहेर टाकत नाहीत. गोळीने श्वास आणखी मंद झाला. त्यात ती कोंदट खोली.

"खोलीमुळे झालं?" मी विचारलं.

"नुसत्या खोलीमुळे नाही. तुमचं डोकं दुखलं, तेवढ्यावर भागलं. त्यांच्याकडे तेवढी शिल्लक नव्हती. पण धुरात बसवलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. त्यांना दोन्ही नको."

दोन्ही नको, हे ऐकायला सोपं होतं. मी बाहेर आले तेव्हा नवरा पार्किंगमध्ये मास्क लावून आमच्या इमारतीच्या मॅनेजरशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो गाडीला टेकला.

"कॉरिडॉरमधली हवा छतावरच्या मशीनमधून येते," तो म्हणाला. "मोठा फिल्टर लावलाय त्यांनी धुरासाठी. ती हवा दाराखालच्या फटीतून घरात यावी आणि बाथरूमच्या पंख्याने बाहेर जावी, अशीच रचना आहे. फट मुद्दाम ठेवलेली असते. मॅनेजरबाई म्हणाली, तुम्ही दाराखाली काही लावलं नाही ना? बरेच लोक लावतात."

टॉवेल मी लावला होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि त्याने ते उच्चारलं नाही.

रात्रभर ठेवून घेऊन दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना सोडलं. आम्ही खिडक्यांवरच्या पट्ट्या तशाच ठेवल्या, दाराखालची फट मोकळी केली, बाथरूमचा पंखा लावला. गॅसला सुट्टी दिली. इलेक्ट्रिक कुकरमध्ये खिचडी, रोज. खालचा आकडा उतरून आठशेच्या आसपास येऊन स्थिरावला. वरचा मात्र आठवरून चौदावर गेला. नवरा त्या चौदाकडे बघत पंख्याच्या बटणापाशी उभा राहिला. हात दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला. शेवटी तो तिथून निघून गेला.

धूर अजून होताच. संध्याकाळी बाबा कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसले आणि नवरा त्यांच्यासाठी चहा घेऊन गेला. दार अर्धवट उघडं होतं. मी आत भांडी पुसत होते.

"मला वाटलं, मी तुम्हाला जपतोय," तो म्हणाला.

"जपतच होतास. धूर काय खोटा होता?" बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुझे वडील शेवटी तुझ्याशी काय बोलले रे?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं नाही, आवाज होईल म्हणून. हा प्रश्न मी इतक्या वर्षांत त्याला विचारला नव्हता.

"बोलता येत नव्हतं त्यांना," नवरा म्हणाला. "भावाने फोन त्यांच्या कानाला लावला होता. मला फक्त श्वास ऐकू येत होता. मी सांगत होतो, हळू घ्या, हळू घ्या. मला वाटत होतं, मी मोजत राहिलो तर तो चालू राहील."

बाबांनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग नवरा वडिलांबद्दल बोलायला लागला. ते स्कूटर कशी चालवायचे, दिवाळीचा आकाशकंदील दरवर्षी घरीच कसा करायचे आणि तो दरवर्षी तिरका कसा व्हायचा. मी बाहेर गेले नाही. मुलीला पण जाऊ दिलं नाही.

तीन-चार दिवसांनी वारा समुद्राकडून फिरला आणि एका दुपारी समोरची इमारत पुन्हा दिसू लागली. मैत्रीण आपल्या घरी गेली. डॉक्टरांनी बाबांचं तिकीट दोन आठवडे पुढे ढकलायला लावलं. ते अकोल्याला सुखरूप पोचले आणि अजून तिथेच आहेत, छातीचं तेच जुनं गाऱ्हाणं घेऊन. त्यांचा फोन आता रविवारी आधी माझ्या नवऱ्याला येतो. दोघं काय बोलतात, ते मला कोणी सांगत नाही.