लिहून द्या, मग हात लावा

दवाखान्यातल्या सगळ्या संगणकांवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, असं पत्र आमच्या संस्थेच्या नंदुरबारच्या कार्यालयातून आलं. मी ते दोनदा वाचलं आणि खाली लिहिलं, ‘प्रयोगशाळेचा संगणक वगळून.’ मग सही केली. पत्र वाचल्याची सही तेवढी हवी होती, शेरा कुणी मागितला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि म्हणाले, “हे काय?”

“माझं मत,” मी म्हटलं.

“पत्रात मत विचारलेलं नाही.”

“म्हणूनच लिहावं लागलं.”

आमचा दवाखाना मोलगीपासून जीपने वीसेक मिनिटांवर आहे. मी तिथे अकरा वर्षं रक्त तपासते. मी मूळची नवापूरकडची, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या गावातली. घरी आम्ही कोकणी बोलतो, कोकणातली नव्हे, इकडच्या कोकणा आदिवासींची. इथे पाड्यांवरून येणारी माणसं पावरी बोलतात, ती मी त्यांच्याकडूनच शिकले, चुकत चुकत, त्यांना हसवत. मराठी त्यांचीही शाळेतली आणि माझीही.

माझ्या खोलीत एक मशीन आहे. रक्तात सिकलसेल आहे का, आणि असेल तर माणसाला तो आजार आहे की तो नुसता वाहक आहे, हे ते पक्कं सांगतं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हाडं फुटावीत तसं दुखतं. आईबापांकडून तो मुलांकडे येतो. वाहकाला आम्ही पिवळं कार्ड देतो, आजारी असेल त्याला लाल. या मशीनला चालू-बंदच्या बटणाशिवाय स्वतःचं काही नाही. त्याची सगळी अक्कल शेजारच्या संगणकात. संगणक म्हणेल तेव्हा ते रक्त ओढतं, आणि सात मिनिटांनी पडद्यावर डोंगराच्या रांगेसारखा आलेख उमटतो. ती रांग वाचायला मला कुणी शिकवलं नाही. मशीन बसवायला आलेला माणूस अर्ध्या दिवसात निघून गेला होता. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून, शब्दकोश मांडीवर घेऊन, मी दीड महिन्यात शिकले.

त्या संगणकाच्या पडद्यावर काही महिन्यांपासून निरोप येत होता: ही सिस्टीम आता जुनी झाली, हिला यापुढे संरक्षण मिळणार नाही, नवीन घ्या. खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. मी रोज सकाळी ‘नंतर’ दाबायची आणि कामाला लागायची.

लोकांना वाटलं, बाई नव्याला घाबरते. कार्यालयातले व्यवस्थापक फोनवर तसं बोललेही. “मॅडम, घाबरू नका हो, दोन दिवसांत सवय होते.” मला राग आला. माझ्या घरच्या लॅपटॉपवर तीच नवीन सिस्टीम मी स्वतः एका रविवारी दुपारी टाकली होती. आवडलीही होती. अक्षरं स्वच्छ दिसतात, मराठी टाइप करायला सोपं जातं. प्रश्न सवयीचा नव्हता. मशीनचा प्रोग्राम त्या नव्या सिस्टीमवर चालेल का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. मशीनच्या कंपनीला मी ईमेल केला. ‘तपासून कळवतो’ असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

दोन वर्षांपूर्वी केसपेपरच्या टेबलावरचा संगणक असाच बदलला होता. तेव्हा प्रिंटरने त्याला ओळखच दिली नाही. तीन आठवडे आमची सिस्टर हाताने केसपेपर लिहीत बसली. केसपेपर हाताने लिहिता येतो. रक्ताचा आलेख हाताने काढता येत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते वयाने माझ्याहून लहान, नाशिककडचे, मन लावून काम करणारे. एका दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि स्टुलावर बसून म्हणाले, “ताई, या संगणकात किती लोकांची नावं आहेत? गाव, बापाचं नाव, आजार. जुन्या सिस्टीममध्ये उद्या कुणी घुसलं आणि ती यादी बाहेर गेली तर? मुलींची लग्नं मोडतील. त्याची जबाबदारी तुम्ही घ्याल?”

हे मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी दोन दिवस विचार केला. नवीन घेतलं तर मशीन बंद पडायची भीती, नाही घेतलं तर माणसांची गुपितं उघडी पडायची भीती. शेवटी वाटलं, दुसऱ्या भीतीवर उपाय आहे. संगणकाची इंटरनेटची वायर काढून टाकायची. जो संगणक बाहेरच्या जगाशी बोलतच नाही, त्याच्यात बाहेरून घुसणार कोण? अहवाल कार्यालयाला पाठवायचे तर मी ते दुसऱ्या संगणकावर हाताने टाइप करीन. काम वाढेल, ते माझं वाढेल.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “कार्यालयाला पटणार नाही. त्यांना सगळीकडे एकसारखं हवंय.”

पहिल्या भीतीवर मात्र माझ्याकडे उपाय नव्हता, आणि ती भीती मी पाहिलेली होती.

काही वर्षांपूर्वी विजेच्या झटक्याने मशीनचा एक भाग जळला होता. नवा भाग यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला पाठीशी बांधून आली. मुलगी सारखी रडते, हातपाय सुजतात, असं म्हणाली. मी सांगितलं, “मशीन बंद आहे. पुढच्या बाजारी या.” ती मान हलवून गेली. पुढच्या बाजारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मीही विसरले. सात-आठ महिन्यांनी ती आली तेव्हा मुलगी कागदासारखी पांढरी पडली होती, डोळे पिवळे झाले होते. रक्त घेतलं. लाल कार्ड. तिला त्याच दिवशी नंदुरबारला पाठवलं, रक्त चढवलं, ती वाचली. पण मी त्या बाईला विचारलं होतं, “इतके दिवस का आली नाहीस?” ती माझ्याकडे पाहत पावरीत म्हणाली, “तू म्हणालीस मशीन बंद आहे. ते सुरू झालं हे आम्हाला कोण सांगणार होतं?”

तेव्हापासून ‘परत या’ हे दोन शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत.

इंजिनिअर आला तो बाजाराचाच दिवस होता. कार्यालयाने त्याला शहाद्याहून गाडी करून पाठवलं होतं. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, कारण माणसं मीठमिरचीला खाली उतरतात तेव्हाच दवाखानाही उरकतात. माझ्या दारापाशी सतरा माणसं बसली होती. इंजिनिअर त्यांच्यातून वाट काढत आत आला. तिशीचा असेल, पाठीला बॅग.

“ताई, एक तास द्या. संपलं काम.”

“आज नाही.”

“साहेबांनी आजच सांगितलंय.”

“साहेबांना इथे बोलवा. या सतरा जणांना ते सांगतील.”

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. संगणकाकडे जायला पुढे झाला तशी मी खुर्ची ओढली आणि संगणकासमोर बसले. माझ्या हातात त्या वेळी एका म्हाताऱ्याच्या रक्ताची नळी होती.

“एक गोष्ट लिहून द्या,” मी म्हटलं. “नवीन सिस्टीम टाकल्यावर हे मशीन उद्या सकाळी चालेल, असं लिहा, खाली सही करा. मी आत्ता उठते.”

“चालेलच ना ताई.”

“मग लिहायला काय हरकत आहे?”

त्याने डॉक्टरांना बोलावलं. मी कोरा कागद डॉक्टरांपुढे सरकवला. “तुम्ही लिहा.” डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, पेन खिशातून काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मग व्यवस्थापकांना फोन लागला. मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. ते ओरडले, “मॅडम, हा संस्थेचा संगणक आहे, तुमच्या घरचा नाही!”

“बरोबर आहे, साहेब. म्हणूनच संस्थेने लिहून द्यावं.”

“असं काही लिहून देता येत नसतं.”

“मग हातही लावता येत नसतो.”

मी नोकरी करणारी बाई. वरिष्ठांशी असं मी आधी कधी बोलले नव्हते. बाहेर बसलेल्या माणसांना मराठीतलं फारसं समजत नव्हतं, पण बाई भांडतेय एवढं त्यांना कळलं आणि दारातली कुजबुज थांबली. व्यवस्थापकांनी फोन ठेवला.

मी म्हाताऱ्याची नळी मशीनमध्ये लावली आणि पुढचं नाव पुकारलं.

इंजिनिअर परत जाऊ शकत नव्हता, कारण त्याला काम करूनच ये म्हणून सांगितलं होतं. तो कोपऱ्यात स्टुलावर बसला. दार उघडून एकेक माणूस आत येताना तो पाहत होता. एका बापाने दोन मुलींना आणलं होतं. धाकटी सुई पाहून टेबलाखाली शिरली. इंजिनिअरनेच तिला मोबाइलवर गाडीचं चित्र दाखवून बाहेर काढलं. दोघींना पिवळं कार्ड निघालं. लग्न ठरवताना मुलाचंही कार्ड बघ, हे मी बापाला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, चार तास चालत आलोय, लक्षात राहील.

दुपारी मी भाकरी सोडली. अर्धी इंजिनिअरला दिली. त्याने बायकोला फोन केला, घरच्या अहिराणीत, तो मला ऐकू येत होता. “आज उशीर व्हई. बाई आयकतच नही. पन कसाले आयकी ती? इठे लोकेस्नी रांग लागेल शे.”

मग तो माझ्याकडे वळला. “ताई, त्या कंपनीचा नंबर द्या. मी बोलतो. तुम्हाला ते टोलवतात, मला तांत्रिक भाषेत टोलवता येणार नाही.”

त्याने पाऊण तास फोन कानाला लावून ठेवला. चार वेगवेगळ्या माणसांना मशीनचं मॉडेल सांगितलं. शेवटी चौथा माणूस खरं बोलला. या मॉडेलचा प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालत नाही, आणि तसा बनवायचा कंपनीचा विचारही नाही. नवीन हवं तर मशीनच नवीन घ्या.

इंजिनिअर फोन खिशात टाकत म्हणाला, “तुमनं बरोबर शे, ताई. मी आज हात लावला असता तर हे मशीन गेलंच होतं.” मग, “आते साहेबले काय सांगू?”

“जे ऐकलंत ते सांगा.”

त्याने सांगितलं, आणि जाण्याआधी तीन कामं केली. इंटरनेटची वायर काढून भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवली. मशीनचा प्रोग्राम, सगळे जुने निकाल, यांची प्रत करून ती डिस्क डॉक्टरांच्या कपाटात कुलपात ठेवली. केसपेपरच्या खोलीतला एक रिकामा संगणक त्याने माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणून बसवला. त्यावर नवीन सिस्टीम. अहवाल मी त्यावर टाइप करते. रोज अर्धा-पाऊण तास जास्त लागतो.

आठ दिवसांनी मला मेमो आला. ‘वरिष्ठांच्या आदेशाशी असहकार केल्याबद्दल खुलासा करावा.’ डॉक्टर म्हणाले, “दिलगिरी लिहून टाका, विषय संपेल.” मी खुलासा लिहिला. त्या दिवशी सतरा जणांचं रक्त तपासलं. पाच पिवळी कार्डं, एक लाल. सिस्टीम बदलली असती तर एकही तपासणी झाली नसती, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. दिलगिरी कशाबद्दल व्यक्त करायची हे कळवल्यास आभारी राहीन. डॉक्टरांनी तो वाचला, खाली आपली सही केली आणि कंसात लिहिलं, ‘मी सहमत आहे.’ मला ते अपेक्षित नव्हतं. मी त्यांना चहा करून दिला.

कार्यालयाचं उत्तर आलं नाही. मेमोही परत घेतला नाही.

आमच्या संस्थेचा दुसरा दवाखाना दूर खाली सपाटीला आहे. तिथेही हेच मशीन होतं. तिथल्या तंत्रज्ञाने पत्राप्रमाणे सिस्टीम बदलून घेतली होती, आमच्या पंधरा दिवस आधी. ते मला दिवाळीनंतर कळलं, तेही व्यवस्थापकांच्याच फोनवरून. या वेळी ते ओरडत नव्हते.

“मॅडम, तिकडचं मशीन सध्या जरा बंद आहे. नमुने तुमच्याकडे पाठवले तर कराल का?”

“किती दिवसांपासून बंद आहे?”

ते म्हणाले, “सांगता येईल ना नंतर.”

“नमुने पाठवा,” मी म्हटलं. “सोबत एक चिठ्ठीही पाठवा. तिथून किती जणांना ‘परत या’ म्हणून सांगितलंय, त्यांची नावं आणि पाडे. त्यांना निरोप गेला पाहिजे.”

“ते कुठे लिहून ठेवलंय?”

“मग आता विचारून लिहा.”

चिठ्ठी आली. पहिल्या वेळी नऊ नावं होती, दुसऱ्या वेळी आणखी सहा. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी जीपवाला बर्फाचा डबा माझ्या टेबलावर ठेवतो, आणि मी आमच्या माणसांचं काम उरकलं की त्यांच्या नळ्या लावते. नवीन मशीनसाठी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी कार्यालयाला एक पत्र लिहिते. ते येईल तेव्हा त्याचं खोकं मीच उघडणार आहे, आणि त्याच्यावर जी नवी सिस्टीम असेल तीही मीच शिकणार आहे. तोवर जुन्या संगणकावर अजून रोज सकाळी तो निरोप येतो. मी बटण दाबते आणि पहिलं नाव पुकारते.