लाल खुणेचे बुश

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, तीन लेथ, आणि दुचाकी गाड्यांना लागणारे बुश बनवायचं काम. बुश म्हणजे बोटभर लांबीची जाड लोखंडी नळी. मशीनकडं आमचे हे बघायचे; ऑर्डरी, माल पाठवणं आणि पगार माझ्याकडं. कामगार दोघंच. चाचा जुन्या शहरातले, साठीला आलेले, लेथवर लोखंड कातणारे टर्नर. दुसरा गंगापूरकडचा तिशीतला गडी, घरी ऊस आणि कापूस, तरी रोज जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कामाला यायचा.

त्या वर्षी गाड्यांचा खप पडला. आम्हाला काम देणाऱ्या कारखान्यानं आधी शनिवार बंद केला, मग एक पाळी, आणि नंतर आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आमच्या गल्लीतल्या शेडना एकेक करून कुलपं लागत होती. शेजारच्यानं तर धंदाच आवरायला काढला. त्याचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन तो निम्म्या किमतीला द्यायला तयार होता.

आमच्याकडं घरावर मजला चढवायचा म्हणून बाजूला ठेवलेली थोडी शिल्लक होती. हे ते मशीन तीनदा बघून आले. मंदीतच घेऊन ठेवायचं, बाजार उठला की आपण सगळ्यांच्या पुढं असू, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मोठं व्हायची ओढ मलाही कमी नव्हती.

चाचांना रिकामं बसवत नसे. शेडच्या कोपऱ्यात परत आलेल्या बुशांचे क्रेट पडून होते. कारखान्यानं नापास करून प्रत्येकावर लाल रंगाची खूण केलेली. दर महिन्याला असे काही क्रेट यायचेच. ते भंगारात जायचे आणि आम्ही ते धंद्याचाच एक भाग म्हणून सोडून द्यायचो. एका सकाळी चाचांनी स्टूल ओढलं आणि एकेक बुश मोजायला घेतला. प्रत्येक पुडक्यात माल कधी बनला त्याची माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती, म्हणून मीही जवळ जाऊन बसले. ते माप सांगायचे, मी लिहायचे.

चार दिवस आम्ही तेच करत होतो. चौथ्या दिवशी वही समोर धरली आणि मला माझंच लिहिलेलं खरं वाटेना. सकाळी बनलेला माल त्यात जवळजवळ नव्हताच. नापास झालेलं बहुतेक सगळं दुपारचं होतं, आणि सगळं केसभर बारीक.

जेवायला बसलो तेव्हा चाचांनी कारण उलगडून सांगितलं. दुपारी पत्रा तापतो, लोखंड गार ठेवायला मशीनवर सोडायचं पाणी जुनं झालेलं, त्यामुळे बुश चटका बसेल असा गरम निघतो. आपण तो तसाच मोजतो, माप बरोबर भरतं. तिकडं जाईपर्यंत तो थंड होतो आणि आकसतो. हे म्हणाले, नवं मशीन आलं की ही भानगडच राहणार नाही.

चाचा भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "नवा मशीन बी इसीच पत्रे के नीचे खडा रहेंगा ना, साब."

यांनी विचारलं, "इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही?"

"फुरसत कब थी?" चाचा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी हे स्वतःच शेजारी जाऊन मशीन नको म्हणून सांगून आले. त्यांना ते किती जड गेलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी चहा ठेवला.

मग आम्ही शिल्लक मोडली. पत्र्याखाली उष्णता अडवणारं छत घातलं, मशीनच्या पाण्यासाठी नवी टाकी आणि पंप बसवला, एका कोपऱ्यात मोजमापाची छोटी खोली काढून तिथं कूलर लावला. जुनी मोजायची हत्यारं टाकून नवी आणली. उरलं त्यातून दोघांचे पगार चालू ठेवायचे, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

गंगापूरच्या गड्याला आपल्याला घरी बसवणार असंच वाटत होतं. पगार चालू राहील म्हटल्यावर तो खूश व्हायच्या ऐवजी अवघडला. "वहिनी, बसून पगार घेणार नाय मी," तो म्हणाला. "शिकवा मला कायबी."

चाचांनी त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवलं, मापं घ्यायला शिकवलं. त्याच्या शेजारी बसून मीही शिकले.

पुढचा रस्ता त्यानंच दाखवला. गाड्या खपत नसल्या तरी शेतात फवारणी थांबली नव्हती. पैठण रस्त्यावर फवारणीचे पंप बनवणारा एकजण त्याच्या माहितीतला होता. तो यांना घेऊन तिथं गेला. त्या मालकानं नमुन्याचे बुश हातात फिरवून बघितले, टेबलाच्या खणात टाकले आणि उद्या या म्हणाला. दुसऱ्या दिवशी, रात्रभर थंड पडलेले ते सगळे त्यांच्या देखतच मोजले. एकही बाद निघाला नाही. ऑर्डर लहानशीच दिली, पण त्या संध्याकाळी हे शिट्टी वाजवत घरी आले. कित्येक महिन्यांत मी ती ऐकली नव्हती.

मंदी सरायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर पंपाच्या कामावर आम्ही तग धरला. जुना कारखाना सगळ्या पाळ्यांनी सुरू झाला तेव्हा त्यांनी आमच्याकडं पहिल्यापेक्षा जास्त काम दिलं, कारण आमचा माल नापास होऊन परत येणं जवळजवळ थांबलं होतं. शेजारचं ते मशीन दुसऱ्या कुणीतरी घेतलं आणि त्याचंही बरं चाललं. त्यामुळे आमचंच शहाणपण खरं, असं मी कुणाला सांगत नाही. आमच्या शेडला त्या वेळी काय हवं होतं, एवढंच आम्हाला उशिरा का होईना कळलं.

चाचा आता घरीच असतात. गंगापूरच्या त्या गड्यानं चिकलठाण्याला स्वतःच्या दोन लेथ टाकल्या आहेत. मध्यंतरी त्याचं काम जरा कमी झालं, तेव्हा त्याचा फोन आला. मला वाटलं, काळजीत असेल. तो म्हणाला, "वहिनी, थोडा वेळ मिळालाय. चाचांना गाडीवर इकडं घेऊन येतो, माझी शेड एकदा बघून घेतील."