एकाच घोडीची चिठ्ठी

माणूस रोज ज्या टांग्यात बसतो, शर्यतीत त्याच टांग्याच्या घोड्यावर पैसे लावतो, असा रिवाज होता. लग्न होऊन औरंगाबादला येईपर्यंत मला तो ठाऊक नव्हता. ह्यांना होता. ते तिथेच वाढले होते.

पोलीस ॲक्शनला तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. आमचं बिऱ्हाड औरंगपुऱ्यात होतं. हे गावातल्या एका शाळेत गणित शिकवत आणि मी छावणीतल्या मुलींच्या शाळेत मराठी. मला न्यायला सकाळी साडेनऊला टांगा येई. टांगेवाले दौलताबादकडचे. शेत भाऊ बघायचा आणि ते स्वतः घोडी घेऊन शहरात आले होते. सीताफळांच्या दिवसांत माझ्या पायांशी टोपली असे आणि बारापुल्ल्यापर्यंत दोनदा तरी ऐकू येई, "बाई, पाय सांभाळा, पिकल्यात."

घोडी तांबूस होती, कपाळावर पांढरा ठिपका. दारात आली की पुढचा पाय आपटायची, आणि ह्यांनी गुळाचा खडा दिल्याशिवाय हलायची नाही. टांगेवाले म्हणत, "मास्तर, तुमी हिला बिघडवली. दुसऱ्या सवारीच्या दारात बी गूळ मागती."

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी पडेगावपासून मिटमिट्याच्या अलीकडच्या एका चहाच्या हॉटेलापर्यंत टांगे पळत. हॉटेलवाले म्हातारे चाचा निजामाच्या राज्यात कुठल्याशा पागेत घोडे सांभाळत होते, म्हणून कुठल्या घोड्यावर काय भाव द्यायचा ते तेच ठरवत आणि खडूने पाटीवर लिहीत. त्या वर्षी सात टांगे होते. आमच्या घोडीवर एकाला तीन मिळायचे, स्टेशनच्या अड्ड्यावरच्या पांढऱ्या घोड्यावर एकाला सहा. बाकीच्यांत दम नाही असं सगळेच म्हणत होते.

ह्यांनी ती पाटी आदल्या दिवशीच पाहून घेतली होती. रात्री जेवताना ताटाच्या कडेला बोटाने आकडे काढत मला म्हणाले, "घोडीवर दोन, पांढऱ्यावर एक. दोघांपैकी कोणीही येवो, हातात सहाच येतात. किती सुरेख आहे बघ."

मलाही ते सुरेख वाटलं. लोभ नव्हता त्यात. एखादा सिद्धांत फळ्यावर शेवटच्या ओळीपर्यंत नीट उतरला की त्यांचा चेहरा जसा होई, तसा तेव्हा झाला होता. सकाळी चाचांकडे पैसे लावून दोन चिठ्ठ्या मिळाल्या, त्यातली घोडीची त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली आणि पांढऱ्या घोड्याची माझ्या पर्समध्ये.

शर्यतीआधी आमचे टांगेवाले जवळ आले. "मास्तर, लावलं ना?"

"लावलं."

"बास. आता पळंल ती."

पळालीही. शेवटच्या वळणापर्यंत ती पुढे होती. मग पांढरा घोडा तिच्या बाजूला आला, आणि हॉटेलासमोरून गेला तेव्हा अर्ध्या टांग्याने पुढे होता. गर्दीत कोणीतरी "सहा, सहा" म्हणालं आणि माझा हात पर्सकडे गेला. मी काही ठरवून केलं नाही. चिठ्ठी बाहेर काढली आणि मान वर केली, तर समोर टांगेवाले खांद्यावरच्या पंच्याने घोडीच्या तोंडाचा फेस पुसत होते आणि माझ्या हाताकडे बघत होते.

"मास्तर, तुमी तिकडं बी लावलं व्हय?"

हे समजावून सांगायला लागले. तिच्यावर दुप्पट लावले होते, हेही सांगितलं. टांगेवाल्यांनी पंचा परत खांद्यावर टाकला.

"तुमचं गनित बरोबरच आसंल," ते म्हणाले. "पन माझ्याकडं एकच घोडी हाय."

परत येताना त्यांनी आम्हाला टांग्यात घेतलं आणि दारात सोडलं. घोडीने पाय आपटला. हे खिशात गूळ शोधत होते तेवढ्यात टांगा निघून गेला. सोमवारी साडेनऊला कोणी आलं नाही.

मी छावणीपर्यंत चालत जाऊ लागले. चालण्याचं काही नव्हतं, पण सात वर्षांत त्या माणसाने एकदाही मला उशीर होऊ दिला नव्हता, पावसात स्वतःचं घोंगडं माझ्या वह्यांवर टाकलं होतं. आता पैठण गेटजवळ समोरून आले की ते घोडीच्या कानांकडे बघत पुढे जात. ह्यांनी दोनदा त्यांच्या अड्ड्यावर जाऊन हाक मारली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "जागा नाय."

मी म्हटलं, "चूक माझी झाली. मी चिठ्ठी काढायलाच नको होती."

"गणित माझं होतं," हे म्हणाले.

तरी रोज साडेनऊच्या सुमारास ते खिशात गुळाचा खडा टाकून दारात उभे राहत. धोब्याने कोटाच्या खिशातल्या मुंग्यांबद्दल तक्रार केली तेव्हा मला ते कळलं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी हे एकटेच सायकलवरून मिटमिट्याला गेले. जिंकलेले सहा रुपये तोवर त्यांनी खर्चले नव्हते. ते सहाच्या सहा त्यांनी चाचांपुढे ठेवले आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी आमच्या घोडीवर लावले. चाचा हसून म्हणाले, "मास्तरसाब, अगले साल मैं रैतूं की नै, कौन जाने." पण चिठ्ठी दिली. चाचांच्या चिठ्ठ्या एरवी उर्दूत असत, ह्यांना येई, मला येत नसे. ही मात्र ह्यांनी स्वतः मराठीत लिहिली आणि खाली चाचांची उर्दू सही घेतली. मला कारण कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं अड्ड्यावर गेलो. हे चिठ्ठी काढून बोलायला लागले तसे टांगेवाले म्हणाले, "तुमी नका वाचू, मास्तर. बाईंना वाचू द्या."

मी वाचलं. दौलताबादची तांबूस घोडी, पुढची शर्यत, सहा रुपये.

"आजून कुनाचं नाव हाय त्याच्यावर?"

"नाही."

"आन् पर्समधी?"

मी पर्स उघडून त्यांच्यापुढे धरली. रुमाल, खडूचा तुकडा, किल्ली. त्यांनी खरोखर वाकून पाहिलं. मग चिठ्ठी हातात घेतली, उलटीच धरली, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"गेलं की मास्तर तुमचं पैसं," ते म्हणाले. "पुढल्या साली ती पळनार नाय. पोटात शिंगरू हाय तिच्या."

ह्यांच्या कुठल्याच हिशोबात शिंगरू नव्हतं. तरी हे म्हणाले, "असू दे. शिंगराला राहू देत."

"त्ये कधी पळनार? त्येला टांग्याला लावायला बी चार वर्सं."

"थांबू की."

टांगेवाले पहिल्यांदा हसले. "लई अवघड मानूस हाय, बाई, तुमचा."

पुढच्या वर्षी शर्यत झाली नाही. चाचा वारले, आणि भाव ठरवायला दुसरं कोणी बसलं नाही. शिंगराने मला पुढे सहा वर्षं शाळेत नेलं. तेही दारात पाय आपटायचं. चिठ्ठी टांगेवाल्यांनी परत दिली ती ह्यांनी लॉगच्या कोष्टकांच्या पुस्तकात ठेवली. ह्यांची पुस्तकं शाळेला देऊन टाकायला मी या आठवड्यात बसले आहे. बाकीची बांधून झाली, ते एक मागे राहिलंय.

त्या सोमवारी टांगेवाले मला म्हणाले, "बसा, बाई. घंटा व्हईल." मी मागे बसले. हे घोडीला गूळ देऊन त्यांच्या शेजारी पुढे चढले. ह्यांची शाळा उलट्या दिशेला होती. बारापुल्ला ओलांडेपर्यंत ते दोघं शिंगरू कुठल्या रंगाचं होईल यावर बोलत होते, आणि मी ह्यांना शाळेची आठवण करून दिली नाही. छावणीपासून हे चालत परत गेले. त्या दिवशी त्यांचा पहिला तास बुडाला.