मासेवालीच्या बोक्याचं पथ्य

भेटल्या भेटल्या ती दोन्ही तळवे माझ्या नाकाशी धरायची. "हुंगा, डाक्टर. येतोय का वास?" भर बाजारात, चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, जनावरांच्या डॉक्टरला हात हुंगायला लावणारी मासेवाली तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. तिचा बोका माझा पेशंट होता, हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

डिंभ्याच्या धरणातले मासे घोडेगावच्या बाजारात विकण्यात तिचा जन्म गेला. एके दिवशी माझ्या दवाखान्यात, शेळ्या घेऊन आलेल्यांच्या रांगेत, ती पिशवीत बोका घेऊन उभी राहिली. त्याची मान आणि कानामागची जागा खाजवून खाजवून रक्ताळली होती.

"घरात तान्हं लेकरू हाय. सून म्हनती खरूज हाय, पोराला लागंल. ल्योक म्हनतो, पोत्यात घालून घाटात सोडून येतो. दोन म्हैने मागून घेतल्यात मी."

खपली मायक्रोस्कोपखाली पाहिली. खरूज नव्हती, अंगावर पिसवाही नव्हत्या. खाण्यातलंच काही बाधत असणार. काय खातो, म्हणून विचारलं.

"मासळीच की! मासेवालीचं मांजार मेथी खाईल व्हय?"

मी मासे बंद केले, दूध आणि कोंबडीही बंद केली. आजवर न खाल्लेलं एकच मांस दोन महिने द्यायचं होतं. मटण त्याच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं, म्हणून मटण ठरलं. मीठ-हळद न घालता नुसतं उकडलेलं आणि वरून मी दिलेली जीवनसत्त्वांची पावडर.

"म्हंजी मी मासं इकू आन् ह्याला मटान घालू? लई झ्याक, राव!" असं म्हणून ती पोट धरून हसली. पण घरी गेल्यावर तिने आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन बजावलं, "माझ्या बोक्याला दूध-भाकर घातली, तर माझ्या पाटीतला मासा तुमाला न्हाई."

महिना गेला तरी खाज हटेना. माझंच निदान चुकलं असं वाटून मी एका दुपारी तिच्या घरी गेलो. ती बाजारातून येऊन ओट्यावर टेकली. बोका मांडीवर चढला आणि मन लावून तिची मासळीच्या वासाची बोटं चाटू लागला. हा त्या दोघांचा रोजचा परिपाठ होता. मी तिच्या बोटांकडे बोट दाखवलं. मी काही बोलायच्या आत तिला कळलं आणि तिचा चेहरा पडला.

"म्हंजी मीच इख घालत व्हते की वो त्याला."

त्या दिवसापासून आधी राख, मग लिंबू, मग साबण, लुगडं बदलायचं आणि मगच बोका. हात हुंगायला लावणंही तेव्हापासूनच. मुलाशी भांडून तिने आणखी एक महिना मिळवला. हळूहळू खपल्या गळाल्या, कानामागे मऊ केस आले. शेवटी खात्रीसाठी मी माशाचा एक तुकडा द्यायला लावला. तिचा जीव होत नव्हता, तरी दिला. चार दिवसांत खाजवणं सुरू. तिने सुनेला बोलावून दाखवलं, "बघ. खरूज आसती तर मासा खाऊन आली आसती का?"

बोका घरात राहिला. शिकलेसवरलेले लोक माझ्याकडून पथ्याचा कागद घेऊन जातात आणि आठवडाभरही पाळत नाहीत. या बाईला वाचता येत नव्हतं. माझ्या साऱ्या नोकरीत असं पथ्य दुसऱ्या कुणी पाळलेलं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी ती गेली. पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो. सुतकाचं घर, म्हणजे मांसाचं नावही नको. पण परसात तीन दगड मांडून सून जुन्या पातेल्यात मटण उकडत होती. भेटायला आलेल्या बायका आपसांत कुजबुजत होत्या. मला पाहून सून ओशाळली.

"काय करू, डाक्टर? त्याला दुसरं चालत न्हाई. आत्यांनी त्याला उपाशी ठिवला नसता."

तिने एक तुकडा फुंकून गार केला आणि बोक्यापुढे ठेवला. तिचं लेकरू त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारीच बसलं होतं.