लेकीच्या गाडीचं इंजिन

पंपहाउसवर त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाला आणि मूठ कानाला लावून, कुठलं बेअरिंग आता दगा देणार, ते तो सांगायचा. बत्तीस वर्षांत तो फारसा चुकला नव्हता. त्याच डॉक्टरच्या परसात पत्र्याखाली लेकीची मोटरसायकल चार वर्षं गंजत पडली होती आणि हे दुखणं तिला त्यानेच लावलं होतं.

लेकीने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न ठरवलं, तेव्हा तिने गाडी काढून निघून जाऊ नये म्हणून त्याने इंजिनाचा प्लग खोलून खिशात घातला. ती पायी गेली. एरवी प्लग काढला की भोकात चिंधीचा बोळा कोंबल्याशिवाय तो हात धुवायलाही उठत नसे. त्या दिवशी रागाच्या भरात ते राहून गेलं. पुढे त्याने गाडीकडे बघायचंच सोडलं. पत्रा गळका होता. थेंब थेंब पाणी त्या भोकातून आत उतरत राहिलं.

आता लेक परत आली होती. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. शहराबाहेरच्या इस्पितळात तिला नर्सची नोकरी लागली होती, पण पहाटेच्या पाळीला तिकडे बस नव्हती. गाडी चालू झाली तर ती घरी राहणार, नाही तर तिथल्या वसतिगृहात. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"आठ दिवस आहेत," तो बायकोला म्हणाला. "आठ दिवसांत मी मेलेले पंप उठवलेत."

"पंपांशी तुम्ही भांडला नव्हतात," बायको म्हणाली.

त्याने भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून तीन दिवस मुरू दिलं. किक तसूभर हलेना. चौथ्या दिवशी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. पिस्टन अर्ध्यावर अडकला होता आणि भोवती लाल गंजाचं कडं धरलं होतं. तेल पुसून त्याने सिलिंडर ब्लोलॅम्पने शेकला, पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके टोले दिले, पुन्हा तेल सोडलं, पुन्हा टोले दिले. लेक चहा आणून ठेवायची आणि लगेच आत जायची.

शेजारचा शिंपी कुंपणावरून डोकावला. "काय डॉक्टर, पेशंट हलतोय, की नातेवाइकांना बोलावू?"

"नातेवाईक घरातच आहेत. तू तुझी काजं कर."

शनिवारी दुपारी ठोकळा एकदम बोटभर खाली गेला.

"अगं, सुटला!" तो ओरडला. बायको पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली.

त्याने सिलिंडर उचलून काढला, आतून पुसला आणि बोट फिरवलं. बोट खड्ड्यांवर अडखळलं. पिस्टनच्या रिंगांचे तुकडे हातात आले. ते त्याने बायकोपुढे धरले. बायको समजायचं ते समजली.

तो सिलिंडर घेऊन लेथवाल्याकडे गेला.

"आतून घासून बोअर मोठा करावा लागेल. त्या मापाचा पिस्टन बाहेरून मागवायचा, म्हणजे पंधरा दिवस धरा," लेथवाला म्हणाला.

"मला उद्या पाहिजे."

"डॉक्टर, दुसरा कुणी असं म्हणाला असता तर तुम्हीच हसला असतात."

रविवारी सकाळी तो लेकीसमोर उभा राहिला. "गाडी उद्यापर्यंत होत नाही. प्लग मी काढला होता."

"माहीत होतं मला." ती साडीची घडी घालत होती. "आणि मी परत येईन, हे तुम्ही धरलंच नव्हतं, बाबा."

तो म्हणाला, "पंधरा दिवस वसतिगृहात काढ. मग घरूनच जात जा."

"खोली वर्षाच्या करारावर मिळते. शुक्रवारी सही केली मी."

"शुक्रवारी? पिस्टन सुटायच्या आधीच?"

"हो."

निघताना तिची बॅग उचलायला तो वाकला.

"राहू द्या, तुमचे हात तेलकट आहेत," ती म्हणाली आणि बॅग तिने स्वतःच उचलली.