कोपऱ्यातला धुळ्या

टेंभुर्णीच्या राधेश्याम सरांनी नोकरीभर इंग्रजी शिकवलं आणि एकाही पोराला कधी छडी मारली नाही. याचा त्यांना अभिमान होता. छडीच्या जागी त्यांच्याकडे शब्द होते. चुकलेल्या पोराला ते डंडरहेड म्हणत, नम्सकल म्हणत, फारच चुकला तर निन्कम्पूप. अर्थ सगळ्यांचा एकच, मूर्ख. पण सर ते असे घोळवून म्हणत, की वर्ग खदखदून हसायचा आणि ज्याला शब्द मिळाला तोही हसायचा. पोरांनी ते शब्द घरी नेले. गावात अजून कुणी कुणी अडून बसलेल्या बैलाला डंडरहेड म्हणतं.

ऐंशीच्या घरात सरांची आठवण जायला लागली. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग आपण जेवलो की नाही हे. इंग्रजीही गेलं, तेवढे शब्द राहिले. सून मीना चहा घेऊन गेली की तिच्याकडे न बघता ते ज्वारीच्या पोत्यांशेजारच्या कोपऱ्याकडे बघत आणि म्हणत, "धुळ्या, निन्कम्पूप, मान खाली घालू नको. इकडं बघ."

कोपऱ्यात कोणी नसायचं.

मीना पहिल्यांदा हसली. पुढे भर दुपारी, घरात दोघंच असताना, सर त्या कोपऱ्याशी बोलत राहायचे. मधे थांबायचे, उत्तर ऐकल्यासारखे. एकदा म्हणाले, "रडून राह्यला का रे? मीना, त्याला पाणी दे."

सुनेचं नाव त्यांना कित्येक महिन्यांत आठवलं नव्हतं. मीनाने तांब्या भरून कोपऱ्यात ठेवला आणि ओट्यावर येऊन बसली. 

तिने सांगितलेलं ऐकून शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "मेलेलं लेकरू आसन एखादं. नारळ उतरून टाक."

नवरा शेतातून आल्यावर मीनाने त्याला विचारलं, धुळ्या कोण?

"धुळाजी? आगं, तो मेला न्हाई," कल्याण म्हणाला. "मेंढरंवाल्यांचा. दादांच्या वर्गात व्हता. आता घरांना गिलावा करतो. बाजारच्या दिवशी येतो की."

मीनाला हायसं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. माणूस जिवंत, मग त्याचं लहानपण आमच्या घरात कशाला उभं आहे, हे तिच्या मनातून जाईना.

बाजारच्या दिवशी तिने धुळाजीला गाठलं. साठीला आलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस, नखांत सिमेंट. तिने सगळं सांगितलं. तो पिशवी उचलून तिच्याबरोबर आला.

"सर, मी धुळाजी," तो म्हणाला.

सरांनी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. धुळाजी पोत्यांजवळ टेकायला गेला.

"उठा तिथून," सर म्हणाले. "पोरगं उभंय, दिसत न्हाई का?"

धुळाजी झटकन उठला आणि एका पोराएवढी जागा सोडून उभा राहिला.

नंतर ओट्यावर चहा घेताना तो म्हणाला, "मला शब्दाचं काही न्हवतं, ताई. सर सगळ्यांनाच म्हणायचे. पण एकदा माय शाळेत आल्ती, पोरगं कसंय विचारायला. सर म्हणले, तुमचा पोरगा निन्कम्पूप आहे. तिला वाटलं, मी मोठं काहीतरी झालो. दुकानातून गूळ आणून तिनं बिचारीनं सगळ्या वर्गाला वाटला. पोरं हसून राह्यली, म्हणून ती बी हसून राह्यली. सरांनी बी खडा घेतला. मंग मी शाळेत गेलो न्हाई."

"तुमच्या आईला कळलं का कधी?"

"न्हाई. मरेपर्यंत मला लाडानं तेच म्हणायची."

तेव्हापासून तो दर बाजाराला यायचा आणि सरांसमोर बसायचा. सर कधी वैतागून त्याला सांगत, "तुम्ही तरी समजावा याला." धुळाजी कोपऱ्याकडे वळून हळू म्हणायचा, "ऐक रे सरांचं." मीना दारातून ते ऐकायची. आता ते पोरगं दोघांना दिसत होतं.

थंडीत सर गेले. दहाव्याला धुळाजी आला.

"शेवटी सर त्या पोराला काही म्हणले का?" त्याने मीनाला विचारलं.

"काहीच न्हाई, भाऊ. नुसते बघत राह्यले तिकडं."

धुळाजीने खोलीच्या दारातून कोपऱ्याकडे बघितलं.

"मंग ते आता कुठं गेलं आसन?" तो म्हणाला.

 मीनाने त्याला जेवायला वाढलं. तो जेवला, हात धुतले, सगळ्यांना नमस्कार करून निघाला. जाताना रस्त्यात दोनदा थांबून त्याने मागे वळून बघितलं. कुणी हाक मारल्याचं मीनाला तरी ऐकू आलं नव्हतं.