सरांनी थांबवलेलं नाटक

हणमंतराव धारूरकर सरांची नि माझी ओळख एका इंग्रजी क्रियापदावरून झाली. बरकतपुऱ्याच्या शाळेत सरांनी फळ्यावर ‘ड्रॅमटाइज’ लिहिलं आणि अर्थ सांगितले: घडलेल्या गोष्टीचं नाटक करणं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती उभी करणं, आणि राईचा पर्वत करणं. मग म्हणाले, “वाक्यात उपयोग करा. पण गोष्ट स्वतः पाहिलेली पाहिजे. ऐकीव नक्को.” सरांचं हे ‘नक्को’ अख्ख्या शाळेला पाठ होतं.

मी कसला ऐकतोय! निजामाची सत्ता संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या शाळेच्या पहिल्या संमेलनासाठी मी नाटक लिहिलं. रझाकार शाळेत घुसून मोठ्या मुलांना धरून घेऊन गेले होते, तो प्रसंग. एवढं खरं. पण नाटकाला दगाबाज हवा ना! म्हणून उर्दूचे मौलवीसाहेब रझाकारांच्या हाती मुलांची यादी देतात, असं मी दाखवलं. प्रत्यक्षात त्या दिवशी मौलवीसाहेब तापाने घरी पडून होते. मला ठाऊक होतं. त्यांची रजाचिठ्ठी मीच शाळेत आणली होती.

संमेलनात मौलवीसाहेब समोरच बसले होते. लोक उठून त्यांच्याकडे बोटं दाखवू लागले, तसे सर रंगमंचावर चढले. “नाटक बंद. हे घडलेलं नाही.” लोकांनी सरांनाच गद्दार म्हटलं. सर मौलवीसाहेबांचा हात धरून गर्दीतून बाहेर पडले. पुढे कित्येक महिने शिक्षकांच्या खोलीत सरांशी कुणी धड बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर मला माफी मागायला अफझलगंजला मौलवीसाहेबांच्या घरी घेऊन गेले. मौलवीसाहेब म्हणाले, “बैठो बेटा. इम्तेहान की तैयारी कैसी है?” “अच्छी है,” म्हणालो, चहा प्यायलो, उठलो. माफीचं वाक्य राहूनच गेलं. आठवड्याभरात त्या दाराला कुलूप लागलं. ते कुठे गेले, कुणालाच कळलं नाही.

सरांनी मला टाकलं नाही. अंबरपेठच्या घरी बसवून शिकवलं, नोकरीचा पहिला अर्जही तपासून दिला. पण मला स्वस्थता नाही हो! सरांच्या या गौरवग्रंथासाठी मी त्यांच्या धैर्याचे चांगली सहा पानं पोवाडे गायले होते. पंच्याहत्तरीतल्या सरांनी पेन्सिलीने सगळे खोडले. “माझं राहू दे. तुझं राहिलेलं वाक्य लिही.”

लिहितो, सर. मौलवीसाहेब निर्दोष होते, आणि ते मला माहीत होतं.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मौलवीसाहेबांच्या घरातलं कुणी हे वाचत असेल, तर पत्ता कळवा. सर म्हणालेत, या खेपेलाही ते सोबत येतील.